‘वास’ या शब्दाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठी शिकवणारे शिक्षक, अनुवादक, मुद्रितशोधक आणि मराठी नव्याने शिकणारे वाचक ‘वास’ या छोट्या शब्दाबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. सुरुवातीला साध्या अर्थाचे प्रश्न आहेत, पुढे व्युत्पत्तीचे आणि अपवादांचे. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जेथे दुसऱ्या उत्तराशी संबंध येतो तेथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. ‘वास’ म्हणजे चांगला वास की वाईट वास?

दोन्हीही. नाकाला जे जाणवते त्या सगळ्याला मराठीत वास म्हणतात, मग तो मोगऱ्याचा असो, नव्या वहीचा असो, रॉकेलचा असो किंवा तुंबलेल्या गटाराचा असो. मुलांनी निबंधात ‘फुलाचा वास’ असे लिहिले की त्यावर लाल रेघ मारून ‘सुगंध’ लिहून देण्याची सवय अनेक शाळांत आहे, पण तिला भाषेचा आधार नाही. ‘फुलाचा वास’ ही निर्दोष मराठी आहे आणि घराघरांत तीच बोलली जाते. ‘वास’ हा शब्द हलका आहे हा समज कोठून येतो, त्याचे उत्तर पुढच्या प्रश्नात आहे.

२. मग ‘दुधाला वास येतोय’ म्हटले की दूध नासले असाच अर्थ का होतो?

कारण येथे अर्थ एकट्या ‘वास’ शब्दात नसून विभक्तीतही आहे. ‘दुधाचा वास येतोय’ म्हणजे कोठेतरी दूध तापत आहे किंवा उतू गेले आहे, आणि त्याचा वास आपल्यापर्यंत पोचला आहे. त्यात बरे-वाईट काही नाही. ‘दुधाला वास येतोय’ म्हणजे दुधाला जो वास असायला नको तो येऊ लागला आहे. ‘डब्याला वास येतो’, ‘टॉवेलला वास येतोय’, ‘तोंडाला वास येतो’ या सर्व वाक्यांत विशेषण नसतानाही वास वाईटच समजला जातो.

याला दोन अपवाद आहेत. एक म्हणजे चांगले विशेषण आले की अर्थ फिरतो: ‘टॉवेलला छान वास येतोय’. दुसरा अपवाद अधिक महत्त्वाचा आहे. ज्या वस्तूला वास असावा अशी आपली अपेक्षाच असते, तिच्याबाबत ‘-ला’ असूनही अर्थ चांगला राहतो, आणि तेथे बहुधा ‘येणे’ऐवजी ‘असणे’ वापरले जाते. ‘या गुलाबाला वास आहे’ ही स्तुती आहे, आणि ‘दुकानातल्या गुलाबांना वासच नसतो’ ही तक्रार आहे.

३. ‘त्याला वास येतो’ या वाक्याचा नेमका अर्थ काय घ्यायचा?

हे वाक्य खरोखरच द्व्यर्थी आहे. ज्याला वास जाणवतो त्यालाही मराठीत ‘-ला’ लागतो आणि ज्याच्यापासून वास निघतो त्यालाही ‘-ला’ लागतो. त्यामुळे ‘त्याला वास येतो’ याचा अर्थ त्याचे नाक शाबूत आहे असा होऊ शकतो, आणि त्याने अंघोळ केलेली नाही असाही होऊ शकतो. बोलताना प्रसंगावरून उलगडा होतो. लिहिताना तो करून द्यावा लागतो. वासाचे मूळ षष्ठीने सांगितले की ‘-ला’ हा वास घेणाऱ्याचाच ठरतो: ‘त्याला करपल्याचा वास आला’. दुसरा अर्थ हवा असेल तर ‘त्याच्या अंगाला वास येतो’ असे स्पष्ट लिहावे. वासाच्या क्षमतेबद्दल बोलायचे असेल तर ‘त्याला वास कळतो’ किंवा ‘समजतो’ हे अधिक नेमके आहे.

‘-चा’ आणि ‘-ला’ यांतला भेद स्वयंपाकघरातल्या एका उदाहरणातून चांगला कळतो. सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती लगेच कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन हे उग्र वासाचे रसायन अगदी थोड्या प्रमाणात मिसळतात. त्यामुळे ‘गॅसला वास नसतो’ आणि ‘गॅसचा वास येतोय’ ही दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी असतात.

४. वास येणे, सुटणे, लागणे, मारणे, बसणे आणि घेणे यांत फरक काय?

‘येणे’ हे सर्वसाधारण क्रियापद आहे. ‘सुटणे’मध्ये वास एका जागेवरून निघून पसरण्याची क्रिया असते, म्हणून शेजारच्या घरात भजी तळायला घेतली की ‘वास सुटला’ असे म्हणतात. उकिरड्याबद्दलही ते चालते, पण मनात आधी खाण्याचा पदार्थच येतो. ‘लागणे’ म्हणजे एखाद्या वस्तूने बाहेरचा किंवा बिघाडाचा वास धरणे: फ्रीजमध्ये उघड्या ठेवलेल्या दुधाला कांद्याचा वास लागतो. ‘बसणे’मध्ये तो वास सहज न जाण्याचा अर्थ अधिक आहे, जसे लसूण सोलल्यावर बोटांना वास बसतो. ‘मारणे’ नेहमीच वाईट. ‘फुलांचा वास मारतो’ असे कोणी म्हटलेच, तर तो वास त्याला असह्य झाला आहे असे समजावे. या सर्व वाक्यांत वास आपल्याकडे येतो. ‘वास घेणे’ एवढ्यातच माणूस स्वतःहून काही करतो, आणि ‘वास येणे’च्या जागी ते वापरता येत नाही.

५. ‘हुंगणे’ आणि ‘वास घेणे’ एकच का? देवाला वाहायचे फूल हुंगू नये असे का म्हणतात?

‘हुंगणे’मध्ये नाक वस्तूजवळ नेऊन श्वास आत ओढण्याचे चित्र आहे. कुत्रा जमीन हुंगतो, गाय वासराला हुंगते. माणसाबद्दल ते वापरले की थोडा अनौपचारिकपणा येतो, पण चूक होत नाही.

देवाच्या फुलाबाबतची कल्पना अशी की वास घेणे हाही उपभोग आहे, आणि उपभोगलेली वस्तू अर्पण करता येत नाही. म्हणूनच परडी भरताना फूल नाकाशी नेणाऱ्या मुलाला आजी लगेच थांबवते. कालिदासाने ‘अभिज्ञानशाकुन्तल’ नाटकात शकुंतलेला ‘अनाघ्रातं पुष्पम्’ म्हणजे न हुंगलेले फूल म्हटले आहे, आणि ती उपमाही याच कल्पनेवर उभी आहे.

६. वास, गंध, सुवास, सुगंध, परिमळ, दरवळ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरता येतात का?

काही ठिकाणी येतात, पण सरसकट नाही. ‘गंध’ हा संस्कृत आणि लेखी शब्द आहे. रोजच्या बोलण्यात ‘गंध’ म्हटले की सहाणेवर चंदनाचे खोड उगाळून केलेले, कपाळाला लावायचे गंध आठवते, आणि त्या अर्थी तो नपुंसकलिंगी आहे: ‘गंध लावले’. वास या अर्थी मात्र तो पुल्लिंगी आहे: ‘मंद गंध आला’. न्यायशास्त्रात, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कदर्शनात, गंध हा पृथ्वीचा विशेष गुण मानला आहे, तेथे ‘वास’ शब्द घालून चालणार नाही.

‘सुवास’ आणि ‘सुगंध’ जवळजवळ समानार्थी आहेत; बोलण्यात ‘सुवास’ अधिक सहज वाटतो, तर उत्पादनांच्या वेष्टनांवर ‘सुगंधी’ अधिक दिसतो. ‘परिमळ’ काव्यातला शब्द, गोव्यातल्या कोंकणीत मात्र ‘परमळ’ म्हणून नित्य वापरातला. ‘दरवळ’ म्हणजे सुवासाचे सर्वत्र पसरणे. तो हवेत असतो, फुलात नसतो, म्हणून ‘फुलातला दरवळ’ हा प्रयोग टाळावा. ‘घमघमाट’मध्ये वासाचे बळ आहे आणि तो केवड्याला, अत्तराला, साजूक तुपातल्या शिऱ्याला शोभतो.

७. सुगंधाच्या उलट दुर्गंध, मग सुवासाच्या उलट ‘दुर्वास’ का नाही?

शब्द तसा बनू शकतो, पण मराठीत तो रुळला नाही. सुवासाच्याही विरुद्ध आपण ‘दुर्गंध’ किंवा ‘दुर्गंधी’च म्हणतो. ‘दुर्गंध’ पुल्लिंगी आहे आणि ‘दुर्गंधी’ हे मराठीत स्त्रीलिंगी नाम आहे, त्यामुळे ‘दुर्गंध पसरला’ आणि ‘दुर्गंधी पसरली’ ही दोन्ही रूपे बरोबर आहेत.

‘दुर्वास’ म्हटले की आपल्याला शीघ्रकोपी ऋषी आठवतात. त्यांच्या नावातला ‘वास’ हा वासाचा नाही. संस्कृतात ‘वासस्’ म्हणजे वस्त्र, आणि ‘दुर्वासस्’ म्हणजे ज्याची वस्त्रे धड नाहीत असा. शंकराच्या ‘कृत्तिवास’ या नावातही हेच वस्त्र आहे. तेथे त्याचा अर्थ कातडे पांघरणारा असा होतो.

८. ‘घाण’ हा वासाचा शब्द आहे की अस्वच्छतेचा?

मुळात वासाचा. संस्कृत ‘घ्राण’ म्हणजे वास घेणे किंवा नाक. त्यावरून मराठीत ‘घाण’ म्हणजे दुर्गंधी झाले, आणि दुर्गंधी ज्या कचऱ्यातून येते त्यालाही तोच शब्द लागला. म्हणून आजही आपण ‘घाण येते’ असे वासाबद्दल आणि ‘घाण पडली आहे’ असे कचऱ्याबद्दल म्हणतो. पुढे तो विशेषणही झाला: ‘घाण हात’, ‘घाण सवय’. तेलाचा ‘घाणा’ आणि भज्यांचा ‘पहिला घाणा’ यांचा याच्याशी काही संबंध नाही.

जुन्या मराठीत ‘घाण’ शेवटी जोडून नेमक्या वासांची नावे तयार होत असत: करपल्याच्या वासाला ‘करपटाण’, काहीतरी जळत असल्याच्या वासाला ‘जळकटाण’, चिंधी जळाल्याच्या वासाला ‘चिरगुटाण’. ही सर्व नामे ‘घाण’प्रमाणेच स्त्रीलिंगी आहेत. ती वापरातून जवळजवळ गेली याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण अख्ख्या वाक्याचे काम ती एका शब्दात करत असत.

९. निरनिराळ्या वासांसाठी मराठीत वेगळे शब्द आहेत का, की सगळे ‘छान वास’ आणि ‘घाण वास’ एवढ्यातच बसवायचे?

भरपूर आहेत, आणि त्यांतले पुष्कळ अजून स्वयंपाकघरात जिवंत आहेत. बेसन तुपावर भाजताना ज्या क्षणी त्याचा कच्चा वास जातो, त्या क्षणापासूनचा वास ‘खमंग’. तापल्या तेलात मोहरी तडतडली, हिंग पडला आणि कढीपत्ता चुरचुरला की येतो तोही खमंगच. ‘खरपूस’मध्ये वासाबरोबर तांबूस रंगही येतो, म्हणून भाकरी खरपूस भाजतात आणि शेंगदाणेही. त्याच्या थोडे पुढे गेले की ‘करपट’ सुरू होते. किती पुढे, याचा अंदाज नाकालाच असतो. लाडू वळणाऱ्या बायका घड्याळ पाहत नाहीत.

बिघाडाचे शब्द तर अधिक बारकाव्याचे आहेत. जुने तेल, जुने शेंगदाणे आणि ठेवून राहिलेले सुके खोबरे यांना येतो तो ‘खवट’ वास. तो तेलातल्या स्निग्धांशाच्या बिघाडाचा असतो, म्हणून भाताला किंवा भाजीला ‘खवट’ म्हणता येत नाही. पीठ किंवा वरण आंबू लागले की ‘आंबूस’. पावसाळ्यात न वाळलेले कपडे, बंद खोली आणि ओलसर कपाट यांना ‘कुबट’. बुरशी धरलेल्या वस्तूला ‘बुरसट’, आणि हा शब्द पुढे विचारांनाही लागला. तेलकट भांड्याच्या वासाला आणि स्पर्शाला ‘ओशट’. कच्च्या मासळीचा किंवा अंड्याचा जो वास भांडे घासल्यावरही रेंगाळतो तो ‘वशट’. त्याच्याच जवळचा ‘वशाट’ हा शब्द अनेक ठिकाणी मांसाहाराचा वाचक झाला आहे.

तीव्रतेचे शब्द वेगळे आहेत. ‘उग्र’ चांगल्या-वाईट दोन्ही वासांना लागतो: हिंग उग्र, केवडाही उग्र. ‘दर्प’ बहुतेक नकोसा आणि नाकात जाऊन बसणारा. संस्कृतात या शब्दाचा अर्थ गर्व आहे आणि मराठीत तोही टिकून आहे. ‘भपकारा’ एकदम तोंडावर येतो आणि लगेच ओसरतो, जसा दारू प्यायलेला माणूस जवळ येऊन बोलला की.

अनुवादकांना एक सांगावेसे वाटते. मूळ मजकुरात वासासाठी साधा शब्द असला, तरी मराठीत तो कशाचा वास आहे हे पाहून यांतला नेमका शब्द निवडावा. बंद पडलेल्या वाड्याला ‘विचित्र वास येत होता’ असे लिहिण्यापेक्षा ‘कुबट वास येत होता’ असे लिहिले की वाचकाला ओल आणि अंधार दोन्ही कळतात.

१०. ‘वासाचे तांदूळ’, ‘वासाचे तेल’ यांत ‘वासाचे’ म्हणजे सुगंधी का?

होय. षष्ठीचे ‘वासाचा, वासाची, वासाचे’ हे रूप विशेषणासारखे आले की अर्थ ठरून सुवासिकच होतो. वाण्याकडे ‘वासाचा तांदूळ द्या’ म्हटले तर तो आंबेमोहोर, इंद्रायणी किंवा बासमती दाखवतो. खराब झालेला तांदूळ आपण मागत आहोत असे त्याला कधीच वाटत नाही. आंबेमोहोराला नावच त्याच्या वासावरून मिळाले, कारण शिजताना त्याला आंब्याच्या मोहोरासारखा वास येतो. ‘तांदळाला वास येतोय’ हे वाक्य मात्र त्याच वाण्याकडे पोते परत न्यायला लावणारे आहे (प्रश्न २ पाहा).

११. वनवास, प्रवास, उपवास, सहवास यांतला ‘वास’ हाच का?

नाही. हे दोन स्वतंत्र शब्द असून केवळ रूपाने एक झाले आहेत. संस्कृत धातुपाठात, म्हणजे धातूंच्या गणवार यादीत, पहिल्या गणातला ‘वस्’ राहण्याचा, दुसऱ्या गणातला ‘वस्’ वस्त्र नेसण्याचा आणि दहाव्या गणातला ‘वास्’ सुवासित करण्याचा आहे. राहण्याच्या धातूपासून निवास, वनवास, कारावास, अज्ञातवास, वस्ती आणि वास्तू हे शब्द आले. प्रवास म्हणजे घरापासून दूर राहणे. उपवास म्हणजे मुळात जवळ राहणे, आणि त्यावरून व्रतस्थ राहणे. नेसण्याच्या धातूपासून वस्त्र आले. ‘वास जेथे राहतो तो वास’ अशी जुळवाजुळव करून तिन्हींचे एकच मूळ सांगितले जाते, ती ऐकायला गोड असली तरी खरी नाही.

मराठीत व्यवहारात घोटाळा होत नाही, कारण राहणे या अर्थी ‘वास’ बहुधा समासातच येतो किंवा ‘वास करणे’, ‘वास असणे’ या ठरलेल्या प्रयोगांत: ‘जेथे स्वच्छता तेथे लक्ष्मीचा वास’.

१२. ‘सुवासिनी’ आणि ‘सुवासिक’ यांचा संबंध आहे का?

नाही. ‘सुवासिक’ सुवासावरून आला. ‘सुवासिनी’मध्ये राहण्याचा ‘वास’ आहे. संस्कृतात हा शब्द पित्याच्या घरी राहणाऱ्या स्त्रीला लावत असत, आणि ‘स्ववासिनी’ असे त्याचे दुसरे रूपही सापडते. नंतर तो सौभाग्यवती स्त्रीसाठी रूढ झाला आणि बोलीत ‘सवाष्ण’ झाला. लेखनात दोन्ही शब्दांतला ‘सि’ ऱ्हस्व आहे.

१३. ‘खाल्ल्या घरचे वासे मोजणे’ यात वास घेण्याचा काही अर्थ आहे का? आणि ‘आ वासणे’?

दोन्हींत नाही. ‘वासा’ म्हणजे छपराला आधार देणारे लांब लाकूड किंवा बांबू, आणि तो संस्कृत ‘वंश’ म्हणजे बांबू या शब्दावरून आला. ज्या घरात जेवलो त्याच घराचे वासे मोजणे म्हणजे उपकारकर्त्याचे वाईट चिंतणे. ‘घर फिरले की घराचे वासेही फिरतात’ या म्हणीतही हेच वासे आहेत. ओळखण्याची खूण सोपी आहे: वास या शब्दाचे सामान्यरूप ‘वासा-’ होते (वासाला, वासाने), तर वासा या शब्दाचे ‘वाशा-’ (वाशाला, वाशाने).

‘आ वासणे’मधले ‘वासणे’ म्हणजे तोंड उघडणे, हे वेगळेच क्रियापद आहे. ‘वासलात’ हा तर अरबीतून आलेला, वसुलाच्या कुळातला शब्द आहे.

१४. जुन्या कवितेत ‘वास पाहणे’ असे येते. वास कसा पाहायचा?

तेथे ‘वास’ म्हणजे वाट. ‘वास पाहणे’ हा ‘वाट पाहणे’ याच अर्थाचा जुना काव्यातला प्रयोग आहे, आणि त्या अर्थी हा शब्द स्त्रीलिंगी आहे. संतवाणी वाचताना तो भेटला तर छपाईची चूक समजून ‘वाट’ असा बदलू नये. मुद्रितशोधकांकडून हे अनेकदा घडते.

१५. ‘वासना’ या शब्दात वास आहे का?

आहे, आणि तो सुवासित करण्याच्या धातूचा आहे. तीळ फुलांच्या थरात ठेवले की फुले काढून टाकल्यावरही तिळांना त्यांचा वास राहतो, आणि असे तीळ गाळून सुवासिक तेल करत असत. त्याच रीतीने अनुभव सरल्यावर चित्तावर त्याचा जो संस्कार उरतो ती वासना, असा दर्शनशास्त्रांतला अर्थ आहे. आज ‘वासना’ म्हटले की कामवासनाच समजली जाते, पण मराठीत जुना व्यापक अर्थ पूर्ण गेलेला नाही. दुखण्यातून उठलेल्या माणसाची ‘अन्नावर वासना नाही’ असे म्हणतात, आणि पिंडाला कावळा शिवला नाही की गेलेल्याची ‘वासना कशात तरी राहिली’ असे म्हणतात.

१६. ‘पोलिसांना वास लागला’ हा प्रयोग बरोबर आहे का?

बरोबर आहे, पण अनौपचारिक आहे. बातमीत ‘सुगावा लागला’ अधिक चांगले. नकारात्मक वाक्यात ‘गंध’ येतो: ‘त्याला या कटाचा गंधही नव्हता’. ‘गंधवार्ता’ हा शब्दही बहुधा नकारातच शोभतो: ‘आम्हाला गंधवार्ता नव्हती’.

१७. पहिल्या पावसाच्या वासाला ‘मृदगंध’ लिहायचे की ‘मृद्गंध’?

‘मृद्गंध’. मृत् म्हणजे माती. पुढे ‘ग’ आल्यामुळे ‘त्’चा ‘द्’ झाला, आणि तो पाय मोडलेलाच राहतो. बोलताना ‘मातीचा वास’ पुरेसा आहे आणि तो अधिक भरीवही वाटतो. या वासात मुख्य वाटा जमिनीतल्या स्ट्रेप्टोमायसिस प्रजातीच्या जिवाणूंनी तयार केलेल्या जिओस्मिन या द्रव्याचा असतो. कोरड्या खडकांतून आणि मातीतून पावसानंतर येणाऱ्या वासाला १९६४ साली ऑस्ट्रेलियातल्या इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या शास्त्रज्ञांनी ‘पेट्रिकोर’ असे नाव दिले. उत्तर प्रदेशातल्या कनौजला मात्र भाजलेल्या मातीपासून या वासाचे अत्तर परंपरेने काढत आले आहेत.

१८. ‘वास गेला’ म्हणजे काय गेले?

वस्तूचा वास गेला असेल किंवा माणसाची वास घेण्याची शक्ती गेली असेल. ‘धुतल्यावर वास गेला’ यात पहिला अर्थ आहे. २०२० नंतर कोविडच्या काळात ‘वास आणि चव गेली’ हे वाक्य घरोघरी ऐकू आले आणि दुसरा अर्थ पक्का झाला. वैद्यकीय लेखनात ‘घ्राणशक्ती गेली’ किंवा ‘वास येणे बंद झाले’ असे लिहावे. ‘माझा वास गेला’ हे टाळलेले बरे, कारण त्याचा अर्थ अंगाचा वास गेला असाही होतो (प्रश्न ३ पाहा).

१९. ‘रहिवासी’ की ‘रहिवाशी’?

मूळ रूप ‘रहिवासी’. पण मराठीत ‘सा’ किंवा ‘सी’ने संपणाऱ्या अशा पुल्लिंगी शब्दांचे सामान्यरूप होताना ‘स’चा ‘श’ होतो, जसे मासा–माशाला, ससा–सशाला. म्हणून ‘रहिवाशांना’, ‘रहिवाशांची’ ही रूपे बरोबर आहेत. तीच रूपे सारखी कानावर पडून प्रथमेतही ‘रहिवाशी’ असे लिहिले जाऊ लागले. सोसायटीच्या फलकावर ‘सर्व रहिवासी’ आणि ‘सर्व रहिवाशांना’ असे लिहावे.

२०. ‘अधिवास प्रमाणपत्र’ आणि देवाच्या मूर्तीचा ‘अधिवास’ यांत कोणता वास आहे?

दोन्हींत राहण्याचा. अधिवास प्रमाणपत्र हे एखाद्या राज्यात कायम राहत असल्याचा दाखला असते. प्राणप्रतिष्ठेपूर्वी मूर्ती पाण्यात ठेवतात तो जलाधिवास आणि धान्यात ठेवतात तो धान्याधिवास; मूर्तीने तेथे ठरावीक काळ राहायचे असते. संस्कृतात मात्र ‘अधिवास’ या शब्दाला वस्तू सुवासित करणे असाही अर्थ आहे, त्यामुळे जुन्या संस्कृत ग्रंथाचा अनुवाद करताना तेथे फुले, धूप किंवा चंदन यांचा उल्लेख आहे का हे पाहूनच अर्थ ठरवावा.